पावसाळी गटारातलं उन्हाळी पाणी: शहराची पर्जन्यजल प्रदूषण प्रतिबंध योजना कशी करावी आणि कशी मंजूर करून घ्यावी

पावसाळी गटार फेब्रुवारीत कोरडं असायला हवं. पाऊस ऑक्टोबरात संपलेला असतो, जमिनीतला पाझरही बहुतेक ठिकाणी आटत आलेला असतो. तरीही आपल्याकडच्या कुठल्याही शहरात नाल्यावरच्या पुलावर उभं राहून खाली पाहिलं, तर काळं-करडं पाणी वाहताना दिसतं. हे पाणी पावसाचं नाही. मग ते कोणाचं, कुठून येतं, दिवसाला किती येतं आणि ते थांबवणं कोणाचं काम? या चार प्रश्नांची लेखी, सही-शिक्क्यानिशी दिलेली उत्तरं म्हणजे शहराची पर्जन्यजल प्रदूषण प्रतिबंध योजना.

हा लेख ती योजना करू पाहणाऱ्यांसाठी आहे: नगरसेवक, नगरअभियंता, आरोग्य निरीक्षक आणि नदीसाठी धडपडणारे नागरिकांचे गट. योजना करायला सल्लागार कंपनी नेमावीच लागते असं नाही. पहिल्या वर्षाचं बहुतेक काम नकाशा, बादली, घड्याळ आणि चिकाटी यांवर होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या

शहरात दोन वेगळ्या व्यवस्था असतात, निदान कागदावर तरी. मलनिस्सारण वाहिनी घराघरातलं मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे नेते. पर्जन्यजल वाहिनी रस्त्यावरचं पावसाचं पाणी थेट ओढ्यात, नदीत किंवा खाडीत सोडते. दुसऱ्या वाटेवर कुठेही शुद्धीकरण नाही. रस्त्याकडेच्या जाळीत जे पडलं ते नदीत गेलं.

म्हणूनच केवळ मोठी केंद्रं बांधून नदी स्वच्छ होत नाही. पुण्यात जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याने ११ नव्या केंद्रांचा, एकूण ३९६ एमएलडी (दिवसाला ३९.६ कोटी लिटर) क्षमतेचा प्रकल्प हाती घेतला गेला. असे प्रकल्प हवेतच. पण जे मैलापाणी चुकीच्या जोडणीतून पावसाळी गटारात शिरतं, ते केंद्राच्या दारापर्यंत पोचतच नाही. केंद्र रिकाम्या क्षमतेने चालतं आणि शेजारचा नाला भरून वाहतो, हे दृश्य अनेक शहरांत एकाच वेळी दिसतं.

आपल्या प्रशासनाने नाल्यांकडे आजवर मुख्यतः पुराच्या नजरेने पाहिलं. मुंबईत १९८५च्या पुरानंतर शहरातल्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा 'ब्रिमस्टोवॅड' हा अभ्यास सुरू झाला आणि १९९३ला त्याचा अहवाल आला. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी यंत्रणा ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायची, असा त्याचा भर होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि १७.८ किलोमीटरची मिठी नदी अवघ्या देशाला माहीत झाली. पाणी किती वेगाने निघून जाईल, हा प्रश्न रास्तच होता. पण निघून जाणाऱ्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न मागे पडला, आणि त्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या तापाने, माणसं गेली तेव्हा तो रुग्णालयांतून समोर आला. पूर आणि प्रदूषण हे एकाच नाल्याचे दोन आजार आहेत. गाळाने आणि कचऱ्याने अर्धा भरलेला नाला तुंबतो तेही त्याच कारणाने.

सांगाडा कुठून घ्यायचा

या बाबतीत अमेरिकेतल्या शहरांकडून शिकण्यासारखं बरंच आहे. तिथला स्वच्छ पाणी कायदा १९७२चा. १९८७च्या दुरुस्तीने पावसाळी गटारं त्याच्या कक्षेत आली. १९९०च्या नियमांनी एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना आणि १९९९च्या नियमांनी लहान शहरांनाही आपल्या पावसाळी वाहिन्यांसाठी परवाना घेणं भाग पडलं. म्हणजे शहर स्वतःच प्रदूषक ठरलं आणि स्वतःच्या गटारातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला जबाबदार झालं. हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

लहान शहरांच्या परवान्यात सहा कामं सक्तीची असतात: लोकशिक्षण, लोकसहभाग, बेकायदा सांडपाणी शोधून काढणं, बांधकामाच्या जागेवरचा गाळ रोखणं, बांधकाम पुरं झाल्यावरही पाणी जागेवर जिरवणं आणि पालिकेच्या स्वतःच्या कामकाजात स्वच्छता राखणं. या शहरांच्या योजना आणि वार्षिक अहवाल लोकांसाठी खुले असतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या गावच्या योजनेची प्रत मिळवून इथल्या नगरपरिषदेकडे पाठवली तर तो खरोखर उपयोगाचा हातभार होईल.

आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही, पण कायद्याची उणीवही नाही. १९७४च्या जल कायद्याचं कलम २४ ओढ्या-नदीत दूषित द्रव्य सोडायला मनाई करतं. २०१६च्या घनकचरा नियमांनी गटारात आणि जलस्रोतात कचरा टाकणं निषिद्ध ठरवलं. गटारं बांधणं आणि साफ ठेवणं हे महापालिका आणि नगरपरिषद या दोन्ही कायद्यांत बंधनकारक कर्तव्य आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाची पर्जन्यजल निचऱ्याची तांत्रिक नियमपुस्तिका २०१९ला आली. कमी आहे ती हे सगळं एका शहरापुरतं, नाल्यागणिक, माणसागणिक लिहून काढलेल्या कागदाची.

पायरी १: नकाशा, आणि तोही मुखापासून

सुरुवात नदीकाठून करा. जिथे जिथे नाला, पाइप किंवा उघडं गटार नदीला, तळ्याला किंवा खाडीला मिळतं, ते प्रत्येक मुख मोबाइलवर ठिकाणासह नोंदवा. प्रत्येकाला क्रमांक द्या, फोटो काढा, पाइप असेल तर व्यास आणि नाला असेल तर रुंदी लिहा. पालिकेकडे जुना नकाशा असेलच. विकास आराखड्यातही नाले दाखवलेले असतात. नागरिकांचा गट असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून पर्जन्यजल वाहिन्यांचे नकाशे, गेल्या तीन वर्षांच्या नालेसफाईच्या निविदा आणि मोजमाप वही मागा. उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत आहे, तोवर काठावरचं काम चालू ठेवता येतं.

मुखापासून वर जाताना चेंबर, जोडनाले, कल्व्हर्ट नोंदत जा. इथे वॉर्डातल्या जुन्या मुकादमाला आणि सफाई कामगारांना बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका. कोणत्या सोसायटीचा पाइप कुठे फुटतो, कोणतं गटार रस्त्याखाली वळण घेऊन भलत्याच ओढ्याला मिळतं, हे त्यांना पाठ असतं. अभियंत्याच्या नकाशात आणि त्यांच्या सांगण्यात फरक आला तर प्रत्यक्ष उघडून पाहा. बहुतेक वेळा सांगणं खरं निघतं.

पायरी २: कोरड्या दिवसाची पाहणी

योजनेचा कणा हाच, म्हणून इथे घाई करू नका. आधीचे निदान ७२ तास पाऊस झालेला नको. डिसेंबर ते मे हा आपल्याकडचा उत्तम काळ, आणि असा सलग कोरडा हंगाम अनेक देशांना मिळत नाही. प्रत्येक मुखाशी किमान दोन वेळा जा: एकदा सकाळी सात ते नऊच्या दरम्यान आणि एकदा रात्री उशिरा.

या दोन वेळांतला फरकच बरंच सांगून जातो. सकाळी प्रवाह फुगतो आणि रात्री ओसरतो, तर ते घरांचं पाणी. दिवसरात्र सारखंच वाहतं, तर पाझर किंवा फुटलेली जलवाहिनी. एरवी कोरडं असतं आणि मध्यरात्री एकदम लोट येतो, तर टँकर किंवा कारखाना. दुपारी बारा ते तीन फेस आणि तवंग येत असेल, तर वरच्या अंगाला वाहन धुण्याचं सेंटर किंवा खानावळी शोधा.

मोजमाप अगदी साधं आहे. पाइपातून धार पडत असेल तर खाली दहा लिटरची बादली धरा. २० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी हा सरकारी हिशोब धरला, तर ती क्षुल्लक दिसणारी धार ४०० माणसांचं मैलापाणी आहे. सभागृहात "नाल्यात थोडंफार पाणी येतं" असं कोणी म्हटलं तर हा आकडा समोर ठेवा.

उघड्या नाल्यात बादली चालत नाही. तिथे दहा मीटरचा सरळ टप्पा आखा, संत्र्याची साल किंवा लाकडाचा तुकडा सोडा आणि वेळ मोजा. नाला एक मीटर रुंद, पाणी दहा सेंटिमीटर खोल आणि तुकड्याला ५० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.२ मीटर. पृष्ठभाग तळापेक्षा वेगाने वाहतो म्हणून ०.८५ने गुणा. उत्तर सेकंदाला १७ लिटर, दिवसाला सुमारे १४.७ लाख लिटर. सकाळचा आणि रात्रीचा आकडा वेगळा येईल, म्हणून दोन्हींवरून सरासरी काढा.

मग पाणी कसलं आहे ते पाहा. वास, रंग, फेस, तवंग यांची नोंद तर हवीच. दगडांवर राखाडी, चिकट, कापसासारखे झुबके दिसले तर ते मैलापाण्यावर वाढणारे जिवाणू असतात, पाणी त्या घटकेला स्वच्छ दिसत असलं तरी. पुढच्या चाचण्या स्वस्त आहेत. अमोनियाची पट्टी लिटरला एक मिलिग्रॅमहून जास्त दाखवत असेल तर मैलापाण्याचा संशय धरा. क्लोरीन तपासायचं ओटी किट पाणीपुरवठा विभागाकडे असतंच. पिवळा रंग आला तर नळाचं पाणी गळतंय, आणि मग हा प्रश्न त्यांच्याही खात्याचा झाला. टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा गावच्या नळाच्या आणि बोअरच्या पाण्याशी ताडून पाहा. फारच चढा असेल तर उद्योगाकडे बोट जातं. पीएच (पाण्याची आम्ल-अल्कता) नऊच्या वर गेला तर साबण, रंगाई किंवा सिमेंटचं पाणी.

कधीतरीच येणारं कपडे-भांड्यांचं पाणी पकडायची एक छान युक्ती आहे. धुण्याच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून चकाकी देणारी रसायनं घालतात आणि ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. न रंगवलेल्या, न उजळलेल्या सुती कापसाची छोटी चकती जाळीच्या पिशवीत घालून गटारात चार-पाच दिवस बांधून ठेवा. नंतर अंधारात नोटा तपासायच्या दिव्याखाली धरा. चमकली, तर वरून घरगुती पाणी येतंच आहे.

कोणीही चेंबरमध्ये उतरायचं नाही

हे योजनेच्या पहिल्या पानावर लिहा. 'पावसाळी' म्हणवणाऱ्या चेंबरमध्ये मैलापाणी साचलेलं असेल तर तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे धोका कळतही नाही. सुरक्षेच्या साधनांविना माणसाला मैलागटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ला १० लाख आणि २०२३ला ३० लाख रुपये ठरवली. पण भरपाईचा आकडा लिहून कोणाच्याही लेकराला बाप परत मिळत नाही. पाहणी वरून, बॅटरीने, काठीला बांधलेल्या कॅमेऱ्याने करायची. सफाई जेटिंग आणि सक्शन यंत्राने. "फक्त दोन मिनिटं उतरतो" याला कोणत्याही परिस्थितीत होकार द्यायचा नाही, मग सांगणारा ठेकेदार असो वा अभियंता.

पायरी ३: उगमापर्यंत माग

मुखाशी दूषित पाणी सापडलं की वर शोधत जायचं. प्रत्येक चेंबर उघडत बसू नका. लांबीच्या मधलं चेंबर उघडा. तिथे पाणी असेल तर उगम वर, कोरडं असेल तर खाली. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. एक किलोमीटरच्या वाहिनीत ३० चेंबर असली तरी पाच वेळा उघडून तुम्ही दोन चेंबरांच्या मध्ये येऊन पोचता. प्रवाह अधूनमधून येत असेल तर संशयित फाट्यांच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या ठेवा आणि दोन दिवसांनी पाहा, कोणामागे पाणी तुंबलंय. पिशव्या काढायला मात्र विसरू नका, विशेषतः वळीव जवळ आला असेल तर.

शेवटची खात्री रंगाने. संशयित इमारतीच्या संडासात फ्लोरेसीन रंग टाकून फ्लश करायचं आणि पावसाळी चेंबरमध्ये हिरवा रंग येतो का बघायचं. आधी सोसायटीला लेखी कळवा, आणि नदीकाठच्या लोकांना व पोलीस चौकीलाही सांगा, कारण हिरवंगार पाणी बघून माणसं घाबरतात.

पायरी ४: कोणाशी कसं वागायचं

उगम सापडले की त्यांची वर्गवारी करा. इथेच योजना न्याय्य होते किंवा फसते.

पहिला गट पालिकेच्या स्वतःच्या मालमत्तांचा. कचरा हस्तांतर केंद्राखालून झिरपणारं काळं पाणी, वाहन डेपोतलं ऑइल, मंडईची धुलाई, मासळी बाजार, सार्वजनिक शौचालयाची फुटलेली टाकी. हे सगळं आधी दुरुस्त करा. ज्या पालिकेचा डेपो नाल्यात तेल सोडतो, तिची नोटीस गॅरेजवाला कशाला मनावर घेईल?

दुसरा गट घरांचा, आणि त्यात दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. जिथे रस्त्यात मलवाहिनी आहे, तरी बिल्डरने खर्च वाचवायला किंवा प्लंबरने नजरचुकीने पाइप पावसाळी चेंबरला जोडला, तिथे मुदत देऊन जोडणी बदलून घ्या. खर्च सोसायटीचा किंवा बिल्डरचा. पण राज्यातल्या बहुतेक लहान शहरांत भुयारी गटार योजना नाही किंवा अर्धवट आहे. तिथे सेप्टिक टाकीचा सांडवा गटारात सोडण्यावाचून घरमालकापुढे मार्ग नसतो. अशांना बेकायदा ठरवून दंड करणं चुकीचं आहे.

त्यांच्यासाठी टाक्या वेळेवर उपसणं हा पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. टाकी गाळाने भरली की तिच्यात काहीच निवळत नाही, मैला जसाच्या तसा बाहेर पडतो. लोक मात्र तुंबल्याशिवाय टँकर बोलवत नाहीत. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी यावर चांगला मार्ग काढला: तक्रारीची वाट न पाहता सुमारे तीन वर्षांच्या फेरीने घरोघर टाक्या उपसायच्या, गाळ खास उभारलेल्या केंद्रात न्यायचा आणि खर्च स्वच्छता करातून भागवायचा. कृष्णाकाठच्या वाईसारख्या लहान गावाला हे जमलं, तर तेवढ्याच आकाराच्या इतर गावांनाही जमायला हवं. आपल्या योजनेत प्रभागवार उपसा वेळापत्रक घाला, आणि टँकर गाळ कुठे रिकामा करतो हे जीपीएसवर तपासा, नाहीतर तोच मैला रात्री नाल्यात परत येतो.

झोपडवस्तीच्या बाबतीतही हेच. नाल्याकाठच्या वस्तीतल्या शौचालयांचा पाइप नाल्यात सोडलेला असतो, कारण पालिकेने दुसरी सोय दिलेली नसते. तिथे सामुदायिक शौचालयाची जोडणी मलवाहिनीला करून देणं हे पालिकेचं काम.

तिसरा गट व्यवसायांचा: गॅरेज, वॉशिंग सेंटर, हॉटेलं, मटण-चिकनची दुकानं, मंगल कार्यालयं, छोटे रंगाई आणि प्लेटिंगचे (धातूवर मुलामा देण्याचे) कारखाने. हॉटेलांना तेलाचा सापळा, वॉशिंग सेंटरला गाळ-तेल विलगीकरणाची टाकी, गॅरेजना वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देण्याची सोय. या अटी व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणाशी बांधा. रसायनं वापरणाऱ्या कारखान्याशी पालिकेने एकटीने झुंजू नये. नमुना घेताना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला बरोबर घ्या, कारण कायदेशीर कारवाईत टिकणारा नमुना त्यांच्याच पद्धतीने घेतलेला असावा लागतो.

चौथा गट बांधकामांचा. उघडी माती, वाळूचे ढीग, राडारोडा आणि सिमेंट मिक्सर धुतलेलं पाणी. हे पाणी इतकं अल्कधर्मी असतं की छोट्या ओढ्यातले मासे त्याने मरतात. परवानगीतच अटी घाला: फाटकाशी खडीचा पट्टा आणि चाकं धुण्याची जागा, वाळूवर आच्छादन, उताराच्या बाजूला गाळ अडवणारा बांध किंवा जाळी, मिक्सर धुवायला अस्तर केलेला खड्डा. अट पाळली की नाही हे जोते तपासणीच्या वेळी पाहायचं आणि नसेल तर पुढचा दाखला थांबवायचा. दंडाच्या पावतीपेक्षा थांबलेला दाखला बिल्डरला लवकर हलवतो. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण आधीच सक्तीचं आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना तो शोषखड्डा खरोखर चालतो का, पाणी ओतून पाहा.

मुखाशी पाणी अडवून वळवणं पुरेसं का नाही

बहुतेक शहरं सोपा मार्ग धरतात: नाल्याच्या मुखाशी बंधारा घालायचा, साचलेलं पाणी पंपाने उचलून शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचं. घरोघरच्या जोडण्या सुधारेपर्यंत हा उपाय करायलाच हवा, त्याने नदीला लगेच दिलासा मिळतो. पण तो शेवटचा उपाय मानू नका. वीज गेली की पंप थांबतो. पावसाळ्यात पूर टाळायला दारं उघडावीच लागतात आणि मागे साठलेला गाळ एका दिवसात नदीत जातो. शिवाय बंधाऱ्याच्या वरचा सगळा नाला गटार म्हणून कायम होतो, आणि त्याच्या काठी राहणाऱ्यांनी ते सोसायचं. नदीकाठ सुशोभित होतो, वस्तीतला डास मात्र तसाच राहतो.

पायरी ५: पहिल्या पावसाची तयारी

आठ महिन्यांची धूळ, टायरचा चुरा, ब्रेकमधलं तांबं, ऑइल, जनावरांची विष्ठा, प्लास्टिक, हे सगळं वळवाच्या आणि जूनच्या पहिल्या सरींत एकदम धुऊन जातं. नाल्याच्या तळातली सडकी घाणही त्याच लोटात उठते, नदीतला प्राणवायू घटतो आणि मासे तरंगू लागतात. रस्त्यावरच्या धुळीला कमी लेखू नये. अमेरिकेत सिअॅटलच्या परिसरातल्या ओढ्यांत कोहो सॅमन मासे पावसानंतर का मरतात याचा शोध घेता घेता २०२०मध्ये टायरमधल्या रसायनापासून तयार होणारं एक विषारी द्रव्य कारणीभूत निघालं.

एक हेक्टर डांबरी जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. सगळ्यात मळकट असतं ते पहिलं काही मिलिमीटर. म्हणून मे महिन्यात मुख्य रस्त्यांची यंत्राने झाडलोट, जाळ्यांखालच्या चेंबरचा उपसा आणि बाजारपेठेतली गटारं यांना अग्रक्रम द्या. नालेसफाईचा गाळ काठावर ढीग करून ठेवायची पद्धत पूर्ण बंद झाली पाहिजे. पाणी निथळायला एक-दोन दिवस पुरतात. त्यानंतर उचललेल्या गाळाचं वजन, गाडीचा क्रमांक आणि टाकल्याची जागा नोंदल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये.

पायरी ६: योजना लिहिणं

जाडजूड अहवाल नको. प्रत्येक नाल्याला एक पान पुरे. नमुना असा:

"नाला क्र. ७. लांबी २.१ किमी. कोरड्या दिवसाचा सरासरी प्रवाह दिवसाला १२ लाख लिटर. मुख्य उगम: दोन सोसायट्यांची चुकीची जोडणी, मंडईची धुलाई, ३४० घरांच्या सेप्टिक टाक्या. कामं: जोडणी बदल, मंडईत गाळ-सापळा, टाक्यांचा उपसा. जबाबदार अधिकारी: उपअभियंता (मलनिस्सारण) आणि आरोग्य निरीक्षक (प्रभाग ४). मुदत: ३१ डिसेंबर. खर्च व लेखाशीर्ष. उद्दिष्ट: पुढच्या फेब्रुवारीत प्रवाह निम्म्यावर."

यातली एकही ओळ गाळू नका, विशेषतः जबाबदार अधिकाऱ्याची. पदनाम नसलेलं काम बैठकीतून बैठकीत फिरत राहतं.

पायरी ७: मंजुरी

अंदाजपत्रकाची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत होते, तेव्हा योजनेचा मसुदा त्याआधी, नोव्हेंबरात जाहीर करा. प्रभागवार सभा घ्या, हरकती-सूचनांना ३० दिवस द्या, आणि आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय केलं ते लिहा. हॉटेलमालक, गॅरेजवाले, बांधकाम व्यावसायिक यांना आधीच बोलवा. ठरावानंतर कळलेली अट त्यांना जाच वाटते. चर्चेत घडलेली अट ते पुष्कळदा स्वतःच सोपी करून देतात.

नुसती "योजनेस मान्यता" घेतलीत तर कागद कपाटात जाईल. ठरावात निदान एवढं हवं:

"ही सभा पर्जन्यजल प्रदूषण प्रतिबंध योजनेस मंजुरी देत आहे, तिच्या अंमलबजावणीसाठी येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडण्यास व तरतूद करण्यास, नगरअभियंता यांना समन्वय अधिकारी म्हणून नेमण्यास, आणि प्रत्येक नाल्याच्या कोरड्या दिवसाच्या मोजणीचा अहवाल दर सहा महिन्यांनी सभेपुढे ठेवण्यास मान्यता देत आहे. पर्जन्यजल वाहिनीस सांडपाण्याची नवीन जोडणी आढळल्यास ती तोडण्याचा व खर्च वसूल करण्याचा अधिकार समन्वय अधिकाऱ्यास राहील."

सभागृह नसेल आणि कारभार प्रशासकाकडे असेल, तर त्यांच्या ठरावानेही काम सुरू होतं. मात्र नवं सभागृह आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तो ठराव पुन्हा मांडा, कारण नगरसेवकांनी आपला न मानलेला ठराव फार काळ टिकत नाही.

पैशाबद्दल एक गोष्ट. पहिल्या वर्षाचा शोध आणि जोडणी दुरुस्ती फार खर्चिक नसते. खर्च वाढतो तो नव्या मलवाहिन्यांवर आणि पंपांवर. अमेरिकेतली अनेक शहरं भूखंडावरच्या काँक्रीट-डांबराच्या क्षेत्रफळानुसार पर्जन्यजल शुल्क घेतात: जितकी जमीन झाकली तितकं शुल्क, पाणी जिरवलं तर सवलत. मॉल आणि मोठ्या पार्किंगपासून आपल्याकडेही ही सुरुवात करून पाहण्यासारखी आहे.

पायरी ८: दरवर्षी तीच मोजणी

योजनेचं यश किती मीटर गटार बांधलं यावर मोजू नका. त्याच मुखाशी, त्याच महिन्यात, त्याच वेळी, त्याच पद्धतीने प्रवाह आणि अमोनिया मोजा. महापालिकांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो. हे आकडे त्यात नाल्याच्या क्रमांकानिशी छापा. नगरपरिषदांनी ते कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावावेत.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. एखाद्या मुखाचा प्रवाह अचानक शून्य झाला तर आनंदाआधी शेजारचं मुख तपासा. पाणी बंद झालं की दुसऱ्या वाटेने गेलं हे तिथे कळतं. आणि जोडणी बदललेल्या इमारतींची रंगचाचणी दुसऱ्या वर्षी पुन्हा करा, कारण मलवाहिनी तुंबली की रात्रीतून जुना पाइप परत जोडला जातो. तसं झालं असेल तर सोसायटीला नोटीस देण्याआधी ती मलवाहिनी का तुंबते ते शोधा. बऱ्याचदा तिचा व्यास वाढलेल्या वस्तीला अपुरा असतो, आणि मग पुढच्या वर्षीच्या योजनेतलं पहिलं काम तेच ठरतं.